आई सिनेमात बोलते

सिनेमावाले आमच्या गावात आले तेव्हा आई बोलत होती. हे आधी सांगायला हवं, कारण आता जे लोक घरी येतात त्यांना ती खाटेवर पडलेली दिसते, आणि ते तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, तुटक तुटक बोलतात. तिला ऐकू नीट येतं. समजतंही बरंचसं. पण हे त्यांना समजावण्याचा आता मलाच कंटाळा येतो.

आमचं घर मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रस्ता सोडून थोडं आत, माडांत. घरात आम्ही तिघं. मी मालवणच्या बाजारात एका मेडिकलच्या दुकानात काम करते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आणि आई. आई सकाळी डोळे उघडायची ती बोलतच. कोणाशी असं नाही. विहिरीच्या पंपाशी, ओट्यावर येणाऱ्या कावळ्याशी, संपत आलेल्या सिलिंडरशी, नारळ पाडायला येणाऱ्या माणसाशी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून पडवीत बसलेल्या बाबांशी. मध्येच वाक्य सोडून चूल फुंकायची आणि फुंकून झाल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची. दर चार वाक्यांनी बाबांना विचारायची, "आयकलास काय?" आणि पडवीतून बाबा म्हणायचे, "होय गो."

बाबांचं बोलणं एवढंच. गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते ना, चालकाशी बोलू नये म्हणून? आई म्हणायची, "त्यो बोर्ड ह्येंच्या कपाळार मारलेलो आसा."

सिनेमा विनोदी होता. तीन अर्धवट चोर, माशांच्या खोक्यांत बर्फाखाली लपवलेलं सोनं, बर्फाच्या कारखान्यात झालेली खोक्यांची अदलाबदल, एक झोपाळू हवालदार, आणि त्या चोरांना आसरा देऊन शेवटी सगळ्यांनाच गुंडाळून ठेवणारी एक खानावळवाली. ही खानावळवाली जी नटी करणार होती ती पुण्याची. नाटकांत तिनं नाव कमावलेलं, मालिकांमुळे आमच्याकडेही सगळे ओळखायचे. शूटिंगच्या आधी काही दिवस येऊन तिला मालवणी बोली कानावर घ्यायची होती. शूटिंगला घरं, गाड्या, माणसं जमवून देणारा मालवणातला एक माणूस आमच्या ओळखीचा. तो तिला थेट आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आला.

"मालवणी आयकूची आसात तर हय बसा," तो तिला म्हणाला. "माझा तासाभरात डोक्या दुखता. तुमका बरां पडात."

आई वाटण काढत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "बस गो बाय. उबी कित्याक? पाट घे. जेवतंस मां?"

ती बाई जेवली आणि मग रोज येत राहिली. सकाळी रिक्षानं यायची, ओट्याजवळ पाटावर बसायची, लसूण सोलून द्यायची. मी फोनवर आवाज भरून घ्या असं सुचवलं तर म्हणाली, "नको. एकदा भरून घेतलं की कान आळशी होतो." तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

एक दिवस मी सुटीवर होते. सिनेमात चोर उशिरा जेवायला येतात तेव्हा खानावळवाली त्यांना झापते, ते वाक्य ती आईसमोर म्हणून बघत होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्यांनो, खंय कडमडलास इतको वेळ?"

आईनं मान हलवली. "तशी नाय गो. तू रागान बोलतंस. ह्यां मायेन बोलूचा असता. माका राग इलो तर मी गप ऱ्हवतंय."

पडवीतून बाबांचा आवाज आला, "कधी?"

नटी इतकी हसली की लसणाचं ताट सांडलं. आईसुद्धा हसली, पदरानं डोळे पुसत. बाबांनी बाहेर पेपर उलटला. तो दिवस माझ्याजवळ अजून आहे. त्या दिवसाला मी फार हात लावत नाही.

त्या बाईनं आईकडून काय काय उचललं ते मी बघत होते. वाक्याच्या शेवटी आत ओढलेला श्वास. 'गो' लांबवताना हनुवटी वर करणं. पळी हातात असली की ती पळी समोरच्याच्या छातीवर रोखून बोलणं. शेवटी शेवटी दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या की मी मधल्या खोलीतून ओळखू शकत नसे, कोण बोलतंय. शूटिंग झालं, सिनेमावाले गेले. जाताना तिनं आईला साडी दिली. आईनं तिला कोकमं दिली, आणि कोकमाबरोबर ती कशी वापरायची यावर मोठं भाषणही.

त्यानंतरच्या आंब्याच्या दिवसांत ते झालं. मी दुकानात होते. बाबांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत, म्हणून समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून मी तो उचलला.

"आवस कायतरीच बोलता गो," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"शब्द नाय ते. जेवक वाढल्यान नाय. भुईर बसलीहा."

मी रिक्षा घेऊन पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. ती बोलत होती. तोच चढउतार, वाक्याच्या शेवटी तोच आत ओढलेला श्वास, आणि मधले शब्द मात्र कुठल्याच भाषेतले नव्हते. ती माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होती, विचारत होती, आणि मला कळत नाही हे बघून तिच्या डोळ्यांत भीती उतरत होती. मालवणचा दवाखाना, तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय, ओरोसहून गोवा. कोकणातल्या माणसाचा हा ठरलेला रस्ता. गोव्याच्या डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. डावीकडे रेघ मारली. बोलण्याचा भाग इथं असतो म्हणाले. किती वेळापासून हे सुरू होतं असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा जमिनीकडे बघत राहिले. मीच म्हटलं, "दुपारपासून."

घरी आणल्यावर आईला एकच शब्द उरला होता. मगे.

मगे म्हणजे मग. पूर्वी समोरचा काही सांगत असला की ती मध्ये मध्ये 'मगे? मगे?' करायची, त्याला पुढं हाकायला. आता तहान लागली की मगे, कूस बदलायची असली की मगे, मांजर आत शिरलं की मगे, दुखलं की मगे. सुरुवातीला मी आणि बाबा दोघंही धावत सुटायचो. पाणी देऊ? पंखा लावू? पाय दाबू? ती डोळे मिटून मान हलवायची, नाही, नाही, आणि पुन्हा म्हणायची, "मगे." कधी कधी आमचे सगळे अंदाज संपायचे. मग ती भिंतीकडे तोंड करायची.

कुडाळला वाचा सुधारणारी एक मुलगी बसायची. आईला रिक्षानं तिच्याकडे नेत होतो. भली होती बिचारी. तिच्याकडे चित्रांची पानं होती. छत्री, सफरचंद, आगगाडी. "आजी, हे काय? स... स..." आई सफरचंदाकडे बघायची, तोंडाचा चंबू करायची, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. एकदा खूप वेळ धडपडून तिनं ते पान त्या मुलीच्या हातातून घेतलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. रिक्षात चढवताना उतरवताना तिला होणारा त्रास, बाबांची कंबर, माझी दुकानातून सुटी, असं करत करत पावसाळ्यात एक आठवडा चुकला, मग दुसरा. पुन्हा जाऊ असं म्हणत राहिलो. गेलो नाही.

घर इतकं गप्प झालं की पलीकडच्या वाडीतला मिक्सर ऐकू यायला लागला. पूर्वी समुद्र आहे हे आम्हाला दिसायचं तेवढंच. आता तो रात्रंदिवस कानावर यायला लागला. मी त्याला वैतागले होते.

दिवाळीनंतर सिनेमा लागला. पेपरात आलं की गोष्टीत फारसा दम नाही, पण नटमंडळींनी सिनेमा तारला आहे. खानावळवालीचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. 'अस्सल मालवणी ठसका' असे शब्द होते. दुकानातली मैत्रीण म्हणाली, "चल गो, तेवढाच जिवाक बदल." शेजारच्या काकींना आईजवळ बसवून आम्ही कुडाळला गेलो.

पहिला अर्धा तास चोर आणि हवालदार. लोक हसत होते, मीही हसले असेन. मग पडद्यावर काळोख्या स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आतून, माणूस दिसायच्या आधी, आवाज आला. "हात धुतल्याशिवाय बसलास तर पळयेन मारीन! सोनां खंय पळाचा नाय, भात निवतलो!"

थिएटर हशानं फुटलं. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस गुडघ्यावर थापा मारत होता. मी खुर्चीचे हात धरले. बोलणं लिहिलेलं होतं, मुंबईत बसून कोणीतरी लिहिलेलं, आई तसं काही कधी म्हणाली नव्हती. पण 'निवतलो' म्हणताना वर गेलेली हनुवटी तिची होती. श्वास तिचा होता. मी डोळे मिटले तर आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या प्रत्येक वाक्याला लोक हसत होते आणि मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की गप्प बसा, तुमच्या हसण्यात पुढचं वाक्य बुडतंय. मैत्रिणीनं माझे ओले गाल बघितले आणि म्हणाली, "हसान हसान माझ्यापण डोळ्यांत पाणी इला."

घरी आले तेव्हा बाबा आईला पेज भरवत होते.

"कसो आसा?" त्यांनी विचारलं.

"बरो आसा."

"ती बाय?"

मी सांगायला नको होतं का, ते आजही कळत नाही. मी म्हटलं, "बाबा, ती डिट्टो आईसारखी बोलता. डोळे मिटल्यार कळाचा नाय."

बाबांनी चमचा वाटीत ठेवला. आईच्या हनुवटीवरून पेज ओघळली होती ती त्यांनी टॉवेलनं पुसली.

त्यानंतर दुकानात एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "बाबांका सिनेमाची आवड लागलीशी दिसता. कुडाळाक थेटरात दिसले. परवापण आणि कालपण." मी हसून साजरं केलं, पण मन लागेना. मालकांना सांगून दुपारी लवकर निघाले.

घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं. आई एकटी. चादर भिजून थंड झालेली, पाण्याची बाटली गडगडत खाटेखाली गेलेली, आणि चांगला हात बाटलीच्या दिशेनं खाली लोंबत असलेला. किती वेळ असा लोंबत होता कुणास ठाऊक, बोटं सुजली होती. मला बघून ती "मगे" म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. मी तिला पुसलं, कपडे बदलले, पाणी पाजलं. काकींना हाक मारून बसवलं. "बापूस तुझो दुपारचो खंय जाता गो?" काकींनी विचारलं. "माका वाटला तू घरात असतंस." मी तशीच निघून कुडाळची गाडी पकडली. रस्ताभर मी बाबांना काय काय बोलायचं ते मनात रचत होते. एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

तिकीट काढून आत गेले. सिनेमा अर्ध्यावर आला होता. दुपारचा खेळ, माणसं तुरळक, इकडे तिकडे विखुरलेली. बाबा कडेच्या खुर्चीत होते, पुढं झुकून, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. मला पाठमोरे दिसले. मी दोन रांगा मागं बसले. त्यांना बाहेर ओढायचं म्हणून उठणार होते, एवढ्यात पडद्यावर खानावळवाली आली. ती हवालदाराला जेवायला वाढत होती आणि त्याला गुंगवण्यासाठी काहीबाही बोलत होती, सासूचं, पावसाचं, गॅसचं. मध्येच पळी थांबवून तिनं विचारलं, "आयकलास काय?"

आणि काळोखात बाबा म्हणाले, "होय गो."

हळू म्हणाले. पण रिकाम्या थिएटरात मला स्पष्ट ऐकू आलं. पडद्यावरची बाई पुढं बोलत राहिली, हवालदार पेंगायला लागला, कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते मान थोडी वाकडी करून ऐकत होते, इंजिनाचा आवाज बिघडला की ऐकायचे तसे. मी उठून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले.

खेळ सुटल्यावर त्यांनी मला बघितलं. आश्चर्य वाटल्यासारखं काही दाखवलं नाही. आम्ही चालत स्टँडवर आलो. मालवण गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "आई एकटी होती. भिजलेली. बाटली खाली पडलली, हात पुरत नव्हतो तिचो."

"हम्म."

"हम्म काय बाबा? ती घरात जिती आसा आणि तुमी हय तिकीट काढून तिचो आवाज आयकतास?"

समोर एक गाडी मागं घेत होते, तिच्याकडे बाबा बघत राहिले. मग बोलायला लागले. माझ्या आठवणीत बाबा सलग एवढं कधीच बोलले नव्हते.

"त्या दिवशी ती सकाळपासून बोलत होती," ते म्हणाले. "मी पडवीत होतंय. रोजच्यासारखी बोलत होती. मी होय गो, होय गो म्हणत होतंय. शब्द कोण आयकता गो? इतक्या वर्षांत मी नुसतो सूर आयकलंय. सूर तसोच होतो. शब्द मोडलले, तां माका कळाक नाय. जेवणाची येळ झाली, हाक इली नाय, तेवा उठलंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. गोव्याच्या डॉक्टरांना मी 'दुपारपासून' सांगितलं होतं.

"सकाळी कधीपासून, बाबा?"

"चाय झाल्यापासून आसतला." त्यांनी हात पुसल्यासारखे पँटवर घासले. "ती माका सांगत होती. कायतरी होता तां माकाच सांगत होती. आणि मी होय म्हणत होतंय."

मी रचलेलं सगळं बोलणं विरून गेलं. तुमची काही चूक नाही, कोणालाही कळलं नसतं, असं म्हणायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाइकांना मीच सांगत असते, तोंड वाकडं झालं, बोलणं फिरलं की घड्याळ बघा, एक मिनिट घालवू नका. मला माहीत होतं ती सकाळ किती मोलाची होती. आणि मला ते माहीत आहे हे बाबांना माहीत होतं. गाडी आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो, गर्दी नव्हती तरी.

शुक्रवारी तिथं दुसरा सिनेमा लागला. बाबांनी शनिवारी सकाळी मला विचारलं, "त्या बायचो नंबर आसा?"

मी फोन केला. तिला आईचं काहीच माहीत नव्हतं. ऐकून ती रडायला लागली, खरोखर रडली. "काकूंशी बोलू दे मला," म्हणाली, "मी त्यांच्यासारखंच बोलते त्यांच्याशी. बघू, काही जागं होतंय का." आमच्याही मनात तेच होतं. मी व्हिडिओ कॉल लावून फोन आईसमोर धरला. बाबा पायथ्याशी उभे राहिले.

"काकू," ती बाई म्हणाली, "काय गो... काय करतंस? जेवलंस मां?"

ते बरोबर होतं आणि ते काहीच नव्हतं. ती पुन्हा सुरू झाली, अडखळली, सिनेमातलं सोन्याचं आणि भाताचं वाक्य म्हणून बघितलं. ते तर आणखीच वाईट निघालं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं मालवणी बोलतात तसं. तिच्याही लक्षात आलं. ती म्हणाली, "थांबा हं, एक मिनिट," डोळे मिटून तिनं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "नाही गं येत. सध्या दुसरं काम चालू आहे, नागपूरकडचं. ते तोंडात बसवलं की आधीचं जातं. माझं असंच होतं. सॉरी गं. काकूंना सॉरी सांग."

आईनं फोनवरच्या चेहऱ्याकडे बघून "मगे?" म्हटलं. बिचारीला वाटलं आई पुढं बोल म्हणतेय. ती पुन्हा रडायला लागली. आईला खरं तर चादर सरळ करून हवी होती.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये म्हणाले, "ऱ्हवांदे बाय. तू तुझां काम कर."

पुढं तो सिनेमा टीव्हीवर आला, रविवारी दुपारी. मी आईला उशा लावून बसवलं. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे. ते टीव्हीकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. मीही तेच करत होते. खानावळीचं दार उघडलं, तो आवाज आला. आईनं खिडकीबाहेर वळणीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघितलं. वारा सुटला होता, एक टॉवेल खाली पडत होता. ती त्या टॉवेलकडे बघत राहिली. खानावळवाली बोलत होती, पळी रोखत होती, श्वास ओढत होती. आईच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीही आलं नाही. मग तो जाडा चोर बर्फाच्या हौदात पडला, आणि आई हसली. अर्ध्या तोंडानं, आवाज न करता, खांदे हलवत हसली. तो वर आला आणि पुन्हा पडला. ती पुन्हा हसली. स्वतःचा आवाज माणसाला कुठं माहीत असतो, असं मी स्वतःला समजावलं. बाबा पायात चप्पल अडकवून बाहेर गेले आणि सिनेमा संपेपर्यंत परसात पडलेल्या झावळ्या ओढून एका जागी लावत राहिले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आईला पुन्हा एक छोटा झटका आला. यावेळी आम्ही लगेच नेलं. जिवाला काही झालं नाही. तो एक शब्द होता, तो गेला. आता ती हात उचलते, कधी तेही नाही.

बाबा आता तिच्याजवळ बसतात, दुपारभर. पडवीतली खुर्ची त्यांनी आत आणली आहे. मध्यंतरी त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "गो, ती दिसभर बोलायची तां काय? कशाचा बोलायची?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "असांच. काय पण."

"काय पण म्हणजे काय?"

मी आठवायला लागले. पंप, कावळा, सिलिंडर. पण पंपाला ती काय म्हणायची? आईनं त्या पंपाला रोज काहीतरी ऐकवलं, वर्षानुवर्षं, आणि माझ्याकडे त्यातलं एक पूर्ण वाक्य नव्हतं. सिनेमातली वाक्यं मात्र पाठ होती, ती सगळ्यांनाच पाठ आहेत. कॉलेजची पोरं दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला येतात आणि एकमेकांना सोन्याचं नि भाताचं ऐकवून हसतात. मी बाबांना म्हटलं, "आठवत नाय ओ."

"माकापण नाय," ते म्हणाले.

ते परत आत गेले. मी भाकरी तव्यावर टाकली आणि कान दिला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबांनी घसा साफ केला. "आज गाडी उशिरा इली," ते आईला म्हणाले. "कट्ट्याच्या बाजारात रस्तो खणलोहा." बराच वेळ गेला. "पाईप घालतत," ते म्हणाले. त्यापुढं त्यांना काही सुचलं नसावं. मी भाकरी उलटली, ती एका बाजूनं करपली होती.